शीतगृहाच्या भिंती आणि आगीचे भय

वसईच्या हरितपट्ट्यातील मोगरा, सोनचाफा, केळी व भाजीपाला यांना मुंबईची बाजारपेठ जवळ आहे. परंतु समुद्रकाठच्या उष्ण व दमट हवेत तोडलेला माल फार काळ टिकत नाही. म्हणून लहान शीतगृह उभारण्याकडे बागायतदारांचा कल होणे स्वाभाविक आहे. असे शीतगृह बांधताना गारवा किती टिकेल व वीज किती लागेल याची चौकशी सर्वच करतात. भिंत पेटली तर काय होईल, हेही तितक्याच काळजीने विचारले पाहिजे.

आजच्या शीतगृहाची भिंत बहुधा पॅनेलची असते. दोन पातळ पत्र्यांमध्ये उष्णतारोधक पदार्थाचा जाड थर भरून पॅनेल तयार होते. बाहेरून सर्व पॅनेले सारखीच दिसतात. त्यांचे गुणदोष ठरतात ते आतील पदार्थावरून.

आतील पदार्थ

थर्माकोल स्वस्त व हलका असतो. पण सुमारे १०० अंश सेल्सिअस उष्णतेतच तो मऊ पडून आकसतो व पुढे वितळून पेटतो. बाजारात ज्यास ‘पफ’ म्हणतात ते पॉलियुरेथेन गारवा उत्तम राखते. ते वितळत नाही. मात्र पेटल्यावर दाट धूर सोडते व त्यात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड हे विषारी वायू असतात. ‘पीआयआर’ फोमवर जळताना कोळशाचा थर धरतो, त्यामुळे आग मंदावते. तथापि तोही ज्वलनशीलच होय. रॉकवूल, म्हणजे दगड वितळवून काढलेले तंतू, जळत नाही. परंतु ते जड असते, तेवढ्याच गारव्यासाठी जाड थर लागतो आणि सांध्यांतून बाष्प शिरून ओले झाल्यास निकामी होते. म्हणून मुख्य कोठी पफची केली, तरी यंत्रखोली व स्विचबोर्ड यांच्या लगतची भिंत विटांची किंवा रॉकवूलची ठेवणे इष्ट होय.

पत्र्याआडची आग

पॅनेलमधील आग पत्र्याआड पसरते. ती लवकर दिसत नाही आणि बाहेरून मारलेले पाणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. आतील थर जळाला की पत्रे सुटून अंगावर कोसळतात. इंग्लंडमध्ये हेरेफर्ड येथे १९९३ साली कोंबडीच्या मांसावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याच्या आगीत दोन अग्निशामक जवान मृत्युमुखी पडले. तेथील भिंती अशाच पॅनेलच्या होत्या. दक्षिण कोरियातील इचॉन येथे २००८ साली शीतगोदामात ४० जण, तर २०२० साली बांधकाम चालू असलेल्या गोदामात ३८ जण प्राणास मुकले.

घ्यावयाची दक्षता

१. आतील पदार्थाचे नाव, घनता व भारतीय मानक क्रमांक बिलावर लिहून घ्यावा. थर्माकोल घेणे भागच असेल, तर भारतीय मानक ४६७१ मधील आपोआप विझणारा प्रकार मागावा. तोही मोठ्या आगीत जळतो हे विसरू नये.

२. पॅनेलच्या कापलेल्या कडा पत्र्याने बंद कराव्यात. वीजतारा धातूच्या नळीतून न्याव्यात व भोके अग्निरोधक लेपाने बुजवावीत.

३. पॅनेलजवळ वेल्डिंग वा गॅसकटिंग करू नये. अपरिहार्य असल्यास पॅनेल काढून काम करावे व नंतर निदान एक तास पहारा ठेवावा.

४. रिकामी क्रेट, पुठ्ठे व गवत भिंतीस लावून रचू नयेत.

५. दार आतून उघडता आले पाहिजे. याची तपासणी दर आठवड्यास करावी.

आग लागल्यास प्रथम माणसे बाहेर काढावीत, बाहेरील स्विचने वीज बंद करावी आणि १०१ क्रमांकावर कळवून भिंतीत कोणता पदार्थ आहे तेही सांगावे. माल वाचविण्यासाठी कोणीही पुन्हा आत जाऊ नये.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये ही जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर येते. म्हणून पॅनेलची आगाऊ रक्कम भरण्यापूर्वीच वसई-विरार शहर महानगरपालिकेच्या अग्निशमन विभागाचा सल्ला घ्यावा. शीतगृहात काम करणारी माणसे बहुधा घरचीच किंवा गावचीच असतात, हे बागायतदार बंधूंनी सदैव ध्यानात ठेवावे.