स्टिअरिंग जड, पण कशामुळे?

गॅरेजमध्ये जाऊन ‘स्टिअरिंग जड झालंय’ एवढेच सांगणे म्हणजे दवाखान्यात जाऊन ‘ताप येतो’ एवढेच सांगण्यासारखे आहे. जडपणा हे लक्षण आहे, आजार नव्हे. तो कधीपासून आहे, अचानक आला की हळूहळू, गाडी उभी असताना जाणवतो की चालतानाही, हे आधी नीट पाहावे. नाहीतर चांगला रॅक बदलला जातो, मोठे बिल येते आणि स्टिअरिंग जडच राहते.

सुरुवात सर्वांत स्वस्त तपासणीपासून करावी, म्हणजे पुढच्या चाकांतील हवेपासून. हवा कमी असली की टायरचा जास्त भाग रस्त्याला टेकतो आणि चाक जागेवर वळवायला जोर लागतो. हवा किती हवी ते बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर दिलेले असते. टायरवर कोरलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तेवढी हवा भरायची नसते. मोजायची तीही टायर थंड असताना. काही तक्रारी इथेच मिटतात.

हवा बरोबर असेल तर मेकॅनिकला पुढची दोन्ही चाके जमिनीवरून उचलून, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग फिरवायला सांगावे. (रस्त्याच्या कडेला जॅक लावून हा प्रयोग स्वतः करू नये.) चाके अधांतरी असतानाही स्टिअरिंग मध्येच अडकत असेल तर दोष सांध्यांत किंवा रॅकमध्ये आहे. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा युनिव्हर्सल जॉइंट पाण्याने गंजून आखडू शकतो, म्हणून कोकणातल्या दमट, खाऱ्या हवेत वापरलेल्या गाडीत तो मुद्दाम पाहावा. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नसेल तर तीही अशा आखडण्याची खूण असू शकते. याउलट, उचललेल्या गाडीत ते सुरळीत फिरले तर टायर, अलाइनमेंट आणि पॉवर स्टिअरिंगची यंत्रणा यांकडे वळावे.

ही यंत्रणा मुख्यतः दोन प्रकारची. हायड्रॉलिक प्रकारात इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा पंप तेलाला दाब देतो. इंजिन नुसते चालू असताना स्टिअरिंग जड आणि रेस दिल्यावर हलके होत असेल, तर पट्टा ढिला, पंप थकलेला किंवा तेल कमी असण्याची शक्यता असते. तेल सहसा गळतीमुळेच कमी होते, त्यामुळे वरून ओतत राहणे म्हणजे रक्तस्राव न थांबवता रक्त चढवत राहणे. शिवाय कंपनीने सांगितलेल्या प्रकाराचेच तेल घालावे.

आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत तेल आणि पंपाऐवजी विजेची मोटर असते. सुझुकीने 1988 मध्ये जपानमध्ये सर्व्हो या छोट्या गाडीत ती आणली. इथे बॅटरी कमजोर असली तरी स्टिअरिंग जड होते. डॅशबोर्डवर स्टिअरिंगच्या चित्राचा दिवा लागला असेल तर काहीही खोलण्याआधी स्कॅनर लावून कोड वाचून घ्यावा. अरुंद जागेत बराच वेळ गाडी मागेपुढे करताना मोटर तापून मदत कमी करते आणि थोड्या वेळाने पूर्ववत होते. वेग वाढल्यावर स्टिअरिंग थोडे घट्ट लागते, तेही मुद्दाम तसेच केलेले असते.

एक सवय मात्र जीवघेणी आहे. इंधन वाचवायला घाट उतरताना इंजिन बंद करणारे चालक अजूनही भेटतात. इंजिन बंद झाले की स्टिअरिंगची मदत जाते. ब्रेकची मदतही दोन-तीनदा पेडल दाबल्यावर संपते, आणि किल्ली काढली तर स्टिअरिंग लॉकही होऊ शकते. वळणावळणाच्या उतारावर हे तिन्ही एकदम झाले तर इंधनाची बचत कुठल्या हिशेबात धरायची?

गाडीत काहीच सापडले नाही तर? तेव्हा घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी ती चालवायला द्यावी. त्याला स्टिअरिंग हलके लागले तर तपासणी खांद्याची करायला हवी. ‘फ्रोझन शोल्डर’ हा विकार साधारण चाळिशी ते साठीत दिसतो आणि मधुमेहींमध्ये जास्त आढळतो. यात हात बाहेरच्या बाजूला वळवणे लवकर अवघड होते. रात्री त्या कुशीवर झोपवत नाही, केस विंचरता येत नाहीत, सीटबेल्ट ओढताना कळ येते. कोपर अंगाशी ठेवून हात बाहेर वळवून पाहावा. एक बाजू दुसरीपेक्षा बरीच कमी वळत असेल तर डॉक्टरांकडे जावे आणि रक्तातील साखरही तपासून घ्यावी. व्यायाम, वेदनाशामके आणि काहींना सांध्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन असे उपचार असतात. या इंजेक्शनने मधुमेहींची साखर काही दिवस वाढते, ती मोजत राहावी. हात आखडण्याबरोबर अक्षर बारीक होत असेल किंवा चालताना तो हात हलत नसेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे, कारण पार्किन्सनची सुरुवात अशीही होते.

खांदा मोकळा व्हायला काही महिने, कधी एक-दोन वर्षेही लागतात. तोवर सीट पुढे घेऊन आणि सोय असल्यास स्टिअरिंग खाली करून हात खांद्याच्या पातळीखाली ठेवावेत. समोर अचानक कुणी आले तर स्टिअरिंग झटकन पूर्ण फिरवता येणार नसेल, तर गाडी दुसऱ्याने चालवावी.