बोगद्यात ट्रक पेटला तर?

माझे काका ट्रकवर क्लीनर आहेत. दिवाळीला तलासरीला आले तेव्हा त्यांनी समृद्धी महामार्गावरच्या इगतपुरी-कसारा बोगद्याची गोष्ट सांगितली. तो सुमारे पावणेआठ किलोमीटर लांब आहे आणि ५ जून २०२५ रोजी खुला झाला. मी विचारले, "आत ट्रक पेटला तर?" काका म्हणाले, "वरून पाण्याचं धुकं पडतं." मला हसूच आलं. धुक्याने कधी आग विझते होय?

मग गुरुजींना विचारले. त्यांनी आधी धुराचे सांगितले. आपल्या घरात चुलीचा धूर कौलांतून निघून जातो. बोगद्याला कौलेच नाहीत! धूर छताला लागून पुढे पळतो, थंड झाला की खाली उतरतो आणि माणसे गुदमरतात. फ्रान्स व इटली यांच्यामधल्या माँ ब्लाँ बोगद्यात २४ मार्च १९९९ रोजी एक ट्रक पेटला. त्यात पीठ आणि मार्गारिन होते (डालड्याचा भाऊच म्हणा). आग ५३ तास चालली, ३९ माणसे गेली. बरेच जण गाडीतच बसून राहिले होते.

आता धुके. चिकूच्या वाडीत फवारणीचा पंप असतो ना, तसेच, पण फार मोठ्या दाबाने पाणी बारीक तोंडांतून सोडतात. थेंब इतके बारीक की आगीजवळ जाताच त्यांची वाफ होते. वाफ व्हायला उष्णता लागते, ती आगीतूनच ओढली जाते. शिवाय एक लिटर पाण्याची वाफ सुमारे सतराशे लिटर जागा घेते, म्हणून ज्वाळेपाशी प्राणवायू कमी पडतो. पेटलेल्या डिझेलवर बादलीने पाणी ओतले तर डिझेल तरंगते आणि आग पसरते.

गुरुजींनी मैदानात पालापाचोळा पेटवून पंपाने विझवून दाखवला. पंप धुतला होता, तरी औषधाचा वास येतच होता.

पण धुके दरवेळी आग पुरती विझवतेच असे नाही. ते आगीला आवरून धरते, तेवढ्यात माणसांनी निघायचे. बोगदे दोन असतात, जाण्याचा आणि येण्याचा. मधे जोडवाटा असतात. गाडी कडेला घ्यायची, इंजिन बंद, किल्ली गाडीतच, आणि चालत दुसऱ्या बोगद्यात जायचे.

काका म्हणाले, "आणि माल? मालक पगारातून कापेल." आजी चुलीपाशी होती. ती म्हणाली, "कापू दे. तू घरी ये."

काकांनी माझ्या वहीतले हे पान फाडून ट्रकमध्ये ठेवले, म्हणून हा लेख मला पुन्हा लिहावा लागला.

(इयत्ता सातवी)