ताप 39 की 102?

आपल्या घरांत ताप बोलला जातो तो फॅरनहाइटमध्ये. ‘एकशे दोन आहे’ म्हटले की दादीलाही कळते. पण आखातात नोकरीला असलेल्या मुलाने पाठवलेला डिजिटल थर्मामीटर 39 दाखवतो आणि आकडा लहान दिसला म्हणून घरचे निर्धास्त राहतात. 39 सेल्सिअस म्हणजे 102.2 फॅरनहाइट, चांगलाच ताप.

हिशेब सोपा आहे. पाणी सेल्सिअसच्या 0 वर गोठते आणि 100 वर उकळते. फॅरनहाइटमध्ये तेच आकडे 32 आणि 212. म्हणजे एकीकडचे 100 अंश दुसरीकडे 180 होतात. म्हणून सेल्सिअसला 9 ने गुणावे, 5 ने भागावे आणि 32 मिळवावे. वर्गात आम्ही तोंडी रीत शिकवतो: आकड्याची दुप्पट करा, दुपटीचा दहावा भाग वजा करा, 32 मिळवा. 39 ची दुप्पट 78, वजा 7.8, राहिले 70.2, अधिक 32, झाले 102.2. उलट जाताना आधी 32 वजा करून मग 5 ने गुणावे, 9 ने भागावे.

39 चे 40 झाले की ‘एकच अंश वाढला’ असे समजू नये. फॅरनहाइटमध्ये तो 104 झाला, जवळजवळ दोन अंश चढला.

औषधांच्या डब्यावर लिहून ठेवा: 37 म्हणजे 98.6, 38 म्हणजे 100.4, 39 म्हणजे 102.2, 40 म्हणजे 104. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 किंवा जास्त दिसले, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांकडे न्या. आणि फोनवर ताप सांगताना आकड्यासोबत माप कोणते, तेही सांगा.