पाहिलं कोणी, लिहिलं कोणी

वऱ्हाडातल्या एका कॉलेजात एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. त्यातली कित्येक वर्षं रिद्धपूरवरून एसटीने गेलो-आलो. उतरलो मात्र निवृत्तीनंतर.

मोर्शी तालुक्यातलं हे गाव. भोवती संत्र्याच्या बागा, गावात महानुभावांचे मठ आणि आता मराठी भाषेचं विद्यापीठ. इथल्या वाजेश्वरीच्या ठिकाणी म्हाइंभटांनी इ. स. १२७८च्या सुमारास चक्रधरस्वामींच्या आठवणींचा ग्रंथ, लीळाचरित्र, सिद्ध केलं, असं परंपरा सांगते. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी तेव्हा निघून गेले होते आणि त्यांच्या सहवासातली माणसं विखुरली होती. म्हाइंभट एकेकाला गाठत गेले. कोणी काय पाहिलं, काय ऐकलं ते विचारून घेतलं आणि पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी पारखलं तेवढंच ग्रंथात आलं. पुढे मूळ पोथी एका धाडीत गेली आणि शिष्यांनी ती आठवणीतून पुन्हा उभी केली. आठवणी जुळल्या नाहीत तिथे कोणाची आठवण काय, हे नावानिशी नोंदलं. अशा पाठभेदाला महानुभाव ‘वासना’ म्हणतात.

देवळाच्या पायरीवर बसून मी आमच्या धंद्याचा हिशेब मांडला. प्रयोग ज्याने केला त्याने सांगावं, जाणत्याने तपासावं, आणि दुसऱ्याच्या हाती वेगळं आलं तर तेही लिहून ठेवावं. शास्त्रीय प्रकाशनाचा सगळा डोलारा या तीन खांबांवर उभा आहे. गेल्या शंभर वर्षांत मराठी मुलखातल्या रसायनशास्त्रज्ञांनी पहिला खांब नेटाने उभारला. दुसऱ्याला मध्येच वाळवी लागली. तिसरा रोवलाच नाही.

करंजाच्या बियांतलं स्फटिक

सुरुवात करंजापासून करू. आपल्याकडे ओढ्याकाठी, रस्त्याकडेला करंज उभा असतो. त्याचं कडू तेल दिव्याला आणि खरजेला वापरायचं, हे घरोघरी ठाऊक होतं. पुण्याच्या रानडे संस्थेतले प्रा. द. बा. लिमये यांनी त्या तेलातून एक स्फटिकरूप पदार्थ वेगळा काढला, त्याला ‘करंजिन’ नाव दिलं आणि १९२५च्या सायन्स काँग्रेसमध्ये तो मांडला. सविस्तर लेख छापला गेला तो १९३६ साली. छापला कुठे? स्वतः लिमयांनी पुण्यातून काढलेल्या ‘रसायनम्’ या संशोधनपत्रिकेच्या पहिल्या खंडात!

लिमयांना बाहेर दार बंद होतं म्हणून त्यांनी पत्रिका काढली, असं समजू नये. १९३२ साली जर्मनीच्या ‘बेरिष्टे’त त्यांचा लेख आला होता. त्या काळी सेंद्रिय रसायनशास्त्राची पंढरी तीच. त्यांची ‘निधोन’ पद्धत आजही कार्बनी रसायनाच्या संदर्भांत सापडते. रिसॉर्सिनॉलच्या दोन ओएच गटांच्या मधल्या अडचणीच्या जागेवर नवा गट बसवायचा होता. लिमयांनी बाजूला आधी कुमारिनचं कडं बांधून घेतलं, गट हव्या त्या जागी सरकवला, आणि मग अल्कलीने कडं सोडवून टाकलं. स्लॅब टाकताना सेंटरिंग लावावं आणि सिमेंटने धरल्यावर काढून घ्यावं, तसाच हा प्रकार.

तरीही त्यांनी पुण्यात पत्रिका काढली. आपण केलेलं काम आपल्या गावी छापता यावं, ही त्यामागची जिद्द असावी, असं मला वाटतं. तिची किंमतही मोजावी लागली. ‘बेरिष्टे’ जगभरच्या ग्रंथालयांत पोहोचली, ‘रसायनम्’ पुढच्या पिढ्यांना बहुतेक तळटिपेतच भेटलं. मी स्वतः ते नाव पहिल्यांदा वाचलं ते एका परदेशी लेखाच्या संदर्भसूचीत.

नावातला अर्धा वाटा

कुठे छापलं याच्याइतकंच महत्त्व कधी छापलं यालाही असतं. १९३३ साली इंग्लंडमध्ये विल्सन बेकर आणि लाहोरमध्ये के. वेंकटरामन एकाच अभिक्रियेपाशी पोहोचले. फ्लेव्होन नावाची संयुगं करण्याचा तो राजमार्ग. बेकर यांचा लेख लंडनच्या केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. वेंकटरामन आणि त्यांचे सहलेखक महाल यांचं छोटंसं टिपण बंगळूरच्या ‘करंट सायन्स’मध्ये, त्याच वर्षी आलं. ती पत्रिका तेव्हा अगदी नवी होती. आज ती अभिक्रिया ‘बेकर-वेंकटरामन’ म्हणूनच शिकवली जाते. ते टिपण वेळेत छापणारी पत्रिका देशात नसती, तर त्या जोडनावाचं काय झालं असतं, कोण जाणे.

हेच वेंकटरामन पुढे मुंबई विद्यापीठाच्या रसायन-तंत्रज्ञान विभागाचे (यूडीसीटी) संचालक झाले आणि १९५७ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक. त्यांच्यानंतर १९६६ साली त्या खुर्चीत बसले बाळ दत्तात्रेय टिळक. जन्म १९१८चा, आपल्या विदर्भातल्या कारंज्याचा. रंगद्रव्यांवर आयुष्य घालवलेल्या या माणसाने १९७८ साली निवृत्त झाल्यावर खेड्यांसाठी विज्ञान-तंत्रज्ञान वापरणारं केंद्र पुण्यात काढलं. पेपरांची यादी केवढीही लांब असली, तरी ती वाचणारे मोजकेच, हे त्यांना आमच्याआधी उमगलं असावं.

अमरावती-अकोल्याच्या कॉलेजांत आम्ही चाल्कोन आणि फ्लेव्होनचे घाणे काढले, ते याच परंपरेच्या शेपटाला धरून. साहित्य स्वस्त, अभिक्रिया साधी, आणि शनिवारी फ्लास्क लावला की सोमवारी स्फटिक हातात. रचना तपासायच्या एनएमआर चाचणीसाठी मात्र नमुना लखनौला किंवा चंदीगडला पाठवायचा आणि पोस्टमनची वाट पाहायची.

चाळीस पानांचा प्रबंध

प्रयोग करण्याचा हक्कच मुळात कोणाला, हा प्रश्नही या आढाव्यात येतोच. कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी आणि दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी, मुंबईहून पदवी घेऊन १९३३ साली बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये गेल्या. वडील आणि काका तिथेच शिकलेले. संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर अटींवर आणि वर्षभराच्या परीक्षेवर प्रवेश मिळाला. हा अपमान त्यांनी उतारवयातही बोलून दाखवला.

केंब्रिजला त्यांनी वनस्पतींच्या श्वसनातल्या सायटोक्रोमवर काम केलं. रॉबिन हिल यांच्याबरोबरचं त्यांचं टिपण १९३९ साली ‘नेचर’मध्ये आलं. पीएचडीचा प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा. मी हे सांगायचो तेव्हा आमचे विद्यार्थी हसायचे, कारण आमच्याकडे प्रबंध आधी हातात तोलून पाहायची रीत! परत आल्यावर कमलाबाईंनी नीरा, डाळी आणि तांदळाचं पीठ यांचा अभ्यास केला. नीरेवरच्या कामासाठी राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. गरोदर बाया आणि कुपोषित पोरांच्या पोटात काय जातं, याचं उत्तर त्या शोधत होत्या.

हळदीचा खटला

छापलेला कागद किती उपयोगी पडतो, हे १९९७ साली साऱ्या देशाने पाहिलं. हळदीने जखम भरते, या ‘शोधा’वर अमेरिकेत १९९५ साली पेटंट दिलं गेलं होतं. माशेलचे रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे (सीएसआयआर) महासंचालक. आमच्या आजीला हे ठाऊक होतं, असं सांगून पेटंट ऑफिस ऐकत नाही. त्याला छापील पुरावा लागतो. सीएसआयआरने बत्तीस संदर्भ जमवले. त्यांत १९५३ सालचा भारतीय वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकातला लेखही होता. पेटंट रद्द झालं. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी कोणा माणसाने फारसा गाजावाजा न करता लिहिलेले चार परिच्छेद असे कामी आले.

गुणांचा बाजार

आणि मग दुसऱ्या खांबाला वाळवी लागली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २००९च्या नियमांनी पीएचडीचा प्रबंध देण्याआधी एक पेपर सक्तीचा केला. २०१०च्या नियमांनी बढतीसाठी एपीआय गुण आणले. पेपर म्हणजे गुण, गुण म्हणजे बढती. मागणी निघाल्यावर दुकानं निघायला वेळ लागत नाही. ‘तीन दिवसांत प्रसिद्धी’ अशा ईमेलांचा पाऊस सुरू झाला. मीही एकदा तीन हजार रुपये भरले. रेफरीचा अभिप्राय दुसऱ्याच दिवशी आला, एका ओळीचा: लेख उत्तम आहे. आयुष्यात मिळालेला तेवढाच निर्भेळ अभिप्राय, आणि लाज वाटली तीही त्याचीच.

२०१८ साली पुण्यातल्या अभ्यासकांनी यूजीसीच्या यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली १००९ नियतकालिकं तपासली. त्यांतली ८८ टक्क्यांहून अधिक हलक्या प्रतीची निघाली. त्याच वर्षी यूजीसीने ४३०५ नावं यादीतून काढली. २०२२मध्ये पीएचडीसाठीची पेपरची सक्ती गेली. तोवर एक अख्खी पिढी गुण मोजत शिकली होती.

दुसरीकडे चांगली नियतकालिकं किमतीच्या कुलपात. रेफरन्ससाठी आम्ही नागपूरच्या मित्राला फोन करायचो. महानुभावांनीही आपले ग्रंथ सकळ लिपीत लपवले होते, पण ती राखण होती, त्यात विक्री नव्हती. नोव्हेंबर २०२४मध्ये केंद्राने सरकारी संस्थांसाठी तीन वर्षांची ६००० कोटींची योजना मंजूर केली. तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं एका वर्गणीत खुली झाली. दार उघडलं, ते बरं झालं. आत शिरून काय वाचायचं आणि त्यात काय भर घालायची, हे काम वर्गणी भरून होणारं नाही.

आमची वासना

उरला तिसरा खांब. कोणत्याही पेपरात उत्पादन ७८ टक्के, ८२ टक्के असंच असतं. फ्लास्कमध्ये डांबर झालं, स्फटिक धरलंच नाही, मेल्टिंग पॉइंट चार अंशांनी घसरला, हे छापत नाहीत. ते प्रयोगवहीत राहतं आणि वही निवृत्तीच्या दिवशी रद्दीत जाते. मग पुढचा विद्यार्थी त्याच खड्ड्यात पडतो.

रिद्धपूरहून परतल्यावर मी माळ्यावरची १९८८ची वही काढली. एक चाल्कोन आहे. माझा पहिला पेपर त्याच्यावरचा. पेपरात उत्पादन बहात्तर टक्के. वहीत तीन नोंदी आहेत: एप्रिलमध्ये बहात्तर, जुलैमध्ये एक्केचाळीस, ऑगस्टमध्ये अडतीस. शेजारी लाल शाईने, ‘पावसाळी हवा? इथेनॉल ओलं? पुन्हा करून पाहणे.’ केलं नाही. एप्रिलचा आकडा छापून मोकळा झालो. त्या पेपरावरून कोणी जुलैत प्रयोग लावला असेल, तर त्याने आपलाच हात वाईट समजला असेल.

लीळाचरित्राच्या पाठांत हिराइसांचं स्मरण एक आणि परशरामबासांचं दुसरं, तर दोन्ही ठेवावीत, एवढा प्रामाणिकपणा या मातीत सातशे वर्षांपूर्वी होता. म्हणून सदतीस वर्षांनी माझीही वासना इथे नोंदवून ठेवतो: बहात्तर, एक्केचाळीस, अडतीस. इथेनॉल बहुधा ओलं होतं.