‘यील्ड’ ह्या क्रियापदाविषयीं

‘यील्ड’ ह्या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ विचारला असतां आमचे बहुतेक विद्यार्थी ‘शरण जाणें’ असें चटकन् सांगतात. उत्तर चुकीचें नाहीं, अपुरें आहे. आणि ह्या अपुरेपणामुळें उत्तरपत्रिकांत शेतें गव्हाला शरण गेलेलीं व गाई दुधापुढें नमलेल्या आम्हांस आढळतात!

प्राचीन इंग्रजींत ह्या शब्दाचा अर्थ ‘फेडणें, मोबदला देणें’ असा होता. जर्मन भाषेंत पैशाला ‘गेल्ड’ म्हणतात, तो ह्याचाच भाऊबंद. म्हणजे मूळ अर्थ देण्याचा; शरण जाण्याचा अर्थ मागाहून आला. किल्ला, शस्त्र किंवा स्वतःचा देह शत्रूच्या हातीं देणारा शरण गेलाच म्हणावयाचा.

म्हणून ह्या क्रियापदापुढें काय येतें तें आधीं पाहावें. लागलीच कर्म आलें, तर अर्थ बहुधा देण्याचा: झाड फळ देतें, जमीन पीक देते, ठेव व्याज देते. ‘टु’ हें अव्यय आलें, तर अर्थ नमण्याचा: मोहाला वश होणें, दडपणापुढें वाकणें, विनंतीला मान देणें.

पण ह्या नमण्यांत दर वेळीं पराभव असतोच असें नाहीं. अमेरिकेंत रस्त्यांच्या मिळणीवर ह्याच शब्दाची पाटी असते. दुसऱ्या गाडीस आधीं जाऊं द्यावें, एवढेंच ती सांगते. (इंग्लंडांत तेथें ‘गिव्ह वे’ लिहितात.) वादांत दुसऱ्याचें म्हणणें पटल्यावर आपला हेका सोडणें, ह्यालाही हेंच क्रियापद चालतें. अशा ठिकाणीं ‘हार खाल्ली’ असें भाषांतर करूं नये, ‘मान्य केलें’ असें करावें. पालकांनींही घरीं हा भेद पाळावा अशी आमची विनंती आहे. पटलेली गोष्ट कबूल करणाऱ्या मुलाला ‘कसा हरलास!’ म्हणून चिडविलें, तर पुढच्या खेपेस तो ती कबूल करणार नाहीं.

१६११ सालच्या इंग्रजी बायबलांत, मत्तय २७:५० येथें, प्रभूच्या मरणाचें वर्णन करतांना हेंच क्रियापद योजलें आहे. तेथील मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘सोडून दिला’ असा आहे. ‘तो मृत्यूला शरण गेला’ असें भाषांतर तेथें केल्यास अर्थच उलटा होतो. त्या वाक्यांत ‘टु’ नाहीं. प्राण हें कर्म आहे, आणि देणारा तो स्वतः आहे.