लेखांक १४ : लाडबोरीचं कडं कुणाचं?

आज चंद्रावरच्या खाणींकडे वळणार होतो. पण वरोऱ्याहून एका वाचकांचं पत्र आलं आणि खाणी पुढच्या आठवड्यावर गेल्या. ते विचारतात, "१९६७ च्या कराराप्रमाणे अवकाशात कुणाचा सातबारा नाही म्हणता, मग आमच्या जिल्ह्यात पडलेलं ते कडं कुणाच्या मालकीचं?"

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास विदर्भाच्या आकाशातून जळते ठिपके रांगेनं सरकत गेले. अनेकांना ती उल्का वाटली. पण उल्का बहुधा डोळ्याचं पातं लवायच्या आत विझते; हे ठिपके मात्र रेंगाळत गेले. तिरप्या वाटेनं, त्यामानानं सावकाश उतरणारा माणसाचाच माल असा दिसतो. त्याच रात्री सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं आपटलं. आसपासच्या गावांत गोळेही सापडले, म्हणजे दाबाखाली वायू साठवायच्या टाक्या. जाणकारांनी कक्षेचा हिशेब मांडून हा माल फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चीनच्या चांग झेंग ३बी रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचा असल्याचं सांगितलं.

आता मालकी. जमीन कुणाची नाही म्हणणाऱ्या त्याच १९६७ च्या कराराचं आठवं कलम सांगतं की अवकाशात सोडलेल्या वस्तूची मालकी ती पृथ्वीवर परत आल्यानं बदलत नाही. म्हणजे हिशेब बरोबर असेल, तर कडं लाडबोरीत पडूनही चीनचंच. भंगारवाल्याला विकायची सोय नाही. १९६८ च्या करारानुसार तर सोडणाऱ्यानं मागितलं की परत द्यायचं, आणि शोधण्या-पोचवण्याचा खर्चही त्यानंच सोसायचा.

पण मागणार कोण? माझं म्हणून असलं भंगार सहसा कुणी मागायला येत नाही, कारण 'हे आमचं' म्हटलं की मागोमाग १९७२ चा दायित्व करार उभा राहतो. जमिनीवर किंवा उडत्या विमानाला इजा झाली, तर सोडणाऱ्या देशानं भरपाई द्यायची. चूक सिद्ध करायची गरज नाही. 'आम्ही काळजी घेतली होती' ही सबब तिथे चालत नाही.

हा करार हाताशी धरून मोठा दावा झाला तो कॅनडाचा. २४ जानेवारी १९७८ ला सोव्हिएत संघाचा कॉसमॉस ९५४ हा टेहळणी उपग्रह कॅनडाच्या उत्तरेकडच्या बर्फाळ भागावर कोसळला. पोटात अणुभट्टी! भट्टी वेगळी होऊन वरच्या कक्षेत जायची होती, ती गेली नाही. किरणोत्सारी तुकडे शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यात विखुरले आणि उणे तापमानात महिनोन्‌महिने ते वेचावे लागले. कॅनडानं ६० लाख डॉलरहून थोडी जास्त रक्कम मागितली. हिशेब सेंटपर्यंत होता, शेवटी सत्तर सेंट! वाद मात्र मजेदार. माणूस दगावला नाही, घर पडलं नाही, मग 'नुकसान' झालं कशाचं? करारात जीवहानी, इजा आणि मालमत्तेची हानी एवढंच आहे. वेचायच्या खर्चाचा उल्लेख नाही. तडजोड निघाली ३० लाख कॅनेडियन डॉलरवर, आणि त्या कागदात सोव्हिएत संघानं जबाबदारी कबूल केली नाही. सही झाली २ एप्रिल १९८१ ला. तारीख पुन्हा वाचा. लाडबोरीच्या कड्याच्या बरोबर एक्केचाळीस वर्षं आधी!

लाडबोरीकरांपुरतं सांगायचं तर एखादं छप्पर फुटलं असतं, तरी घरमालकाला थेट बीजिंगचा दरवाजा ठोठावता आला नसता. या करारानुसार दावा सरकारनं सरकारकडे, राजनैतिक मार्गानं करायचा, तोही वर्षभरात. आणि आपल्याच देशाचं रॉकेट आपल्याच कौलांवर पडलं, तर हा करार बाजूला राहतो. आपल्या नागरिकाला तो लागूच होत नाही. फ्लोरिडातल्या एका कुटुंबाला २०२४ मध्ये छत फोडून आलेल्या तुकड्यासाठी नासाकडेच अर्ज करावा लागला. आंतरराष्ट्रीय स्थानकातून टाकलेल्या जुन्या बॅटऱ्यांच्या सामानाचा तो तुकडा, वजन पाऊण किलोच्याही आत.

खाणी पुढच्या आठवड्यात, नक्की.