आधी झाडू, मग रंग

संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २०००-०१ मध्ये सुरू झाले, तेव्हा ग्रामविकासमंत्री होते आर. आर. पाटील. त्यातली खरी मेख पैशात होती: आगाऊ अनुदान नाही, आधी श्रमदान, बक्षीस मागाहून. म्हणून उकिरडे, गटारे आणि पाणवठे आधी साफ झाले, भिंतींवर सुविचार नंतर उमटले. (सुविचारांचा पुढे अतिरेक झाला, ते सोडा.) ही स्पर्धा ग्रामपंचायतींची. नाशिक जिल्ह्यातल्या निफाडला मात्र आता नगरपंचायत आहे. अशा शहरांचे गुण मोजते ‘स्वच्छ सर्वेक्षण’ आणि २०२० पासून ‘माझी वसुंधरा’. निफाडमध्ये भिंती रंगवायला निघालेल्या तरुणांनी विषय शोधत लांब जाऊ नये. राज्यातले पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), नांदूर मध्यमेश्वर, याच तालुक्यात आहे. तिथले पक्षी चितारा.